अकाली जन्मलेल्या बाळांमधील दीर्घकालीन फुप्फुसविकार : प्रतिबंध

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला २८ दिवस उलटले तरी वरून ऑक्सिजन द्यावा लागत असेल, तर डॉक्टर त्या अवस्थेला ‘बीपीडी’, म्हणजे ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया म्हणतात. आजार किती तीव्र आहे, हे आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या ३६व्या आठवड्याला ठरते. १९६७ साली अमेरिकेत विल्यम नॉर्थवे व सहकाऱ्यांनी त्याचे पहिले वर्णन केले, तेही व्हेंटिलेटरवर जगवलेल्या बाळांमध्ये. म्हणजे आजाराचे एक मूळ उपचारातच आहे. कोवळ्या फुप्फुसावर यंत्राचा दाब, जास्तीचा ऑक्सिजन आणि जंतुसंसर्ग यांचा मारा झाला की वायुकोश नीट वाढत नाहीत.

सोलापुरात अशी बाळे बहुधा ‘सिव्हिल’ला येतात. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या या रुग्णालयाकडे जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांबरोबरच धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातलेही रुग्ण येतात. करमाळ्याहून निघालेल्या बाईला शंभराहून जास्त किलोमीटर कापावे लागतात. म्हणून निघण्याआधी काय केले, याला फार महत्त्व आहे. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान कळा सुरू झाल्या, तर आईला डेक्सामेथासोनची (बाळाची फुप्फुसे लवकर पक्व करणारे स्टेरॉइड) ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात. २०१४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्यातला पहिला डोस एएनएम, म्हणजे गावातली आरोग्यसेविकासुद्धा देऊ शकते. या औषधाने बीपीडीचे प्रमाण फारसे घटत नाही. पण जन्मानंतरचा श्वासाचा त्रास आणि मृत्यू मात्र नक्की कमी होतात. इतके स्वस्त औषध ‘पुढे बघतील’ म्हणून राहून जावे, याला काय म्हणावे?

जन्मानंतरचे धोरण एका वाक्यात सांगता येते : श्वासनळीत नळी घालणे टाळा. स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाला नाकावाटे सीपॅप, म्हणजे सतत हलक्या दाबाची हवा देतात. बबल सीपॅपमध्ये बाळाच्या श्वासनळीतून नव्हे, तर श्वासाच्या सर्किटमधून येणारी नळी बाटलीतल्या पाण्यात साधारण पाच सेंटिमीटर बुडवलेली असते. तेवढाच दाब फुप्फुसे उघडी ठेवतो. पाण्यात बुडबुडे येत असले की ठीक. ते थांबले की सिस्टर आधी बाळाचे उघडे तोंड आणि नाकातल्या नळ्या तपासते. या नळ्यांनी नाकाचा पडदा सोलवटतो, म्हणून तोही दर ड्यूटीत पाहतात. गरज पडलीच तर सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारे द्रव्य) बारीक नळीने देऊन लगेच नळी काढतात.

ऑक्सिजनही औषधासारखाच मोजून द्यायचा असतो. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनची ९० ते ९५ टक्के संपृक्तता पुरे. ‘शंभर दिसतंय, छान’ असे नातेवाईक म्हणतात, पण वरून ऑक्सिजन चालू असताना शंभर ही धोक्याची खूण आहे, फुप्फुसांना आणि डोळ्यांच्या पडद्यालाही. कॅफीन श्वास थांबण्याचे प्रकार कमी करते. २००६च्या मोठ्या चाचणीत त्याने बीपीडीचे प्रमाण ४७ वरून ३६ टक्क्यांवर आणले. उलट, पहिल्या आठवड्यात बाळालाच डेक्सामेथासोन दिले तर बीपीडी घटते, पण सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. म्हणून ते सरसकट देत नाहीत.

बाकी आईचे दूध, हात धुणे, कांगारू पद्धतीने छातीशी धरणे. ‘सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही’ ही समजूत मात्र सोडायला हवी. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांच्या पथ्यावर पडतो. घरी गेल्यावर अशा बाळाजवळ विडी ओढू नये, चुलीचा धूर येऊ देऊ नये आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवावे.