दम्याचा पंप डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन बुरशी धरते, निपाणी भागात तंबाखूची धूळ उडते, ऊसतोड झाली की फडातलं पाचट पेटतं. दमा कशाने उसळतो हे ज्याचं त्याचं वेगळं. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'धाप लागते' सांगून भागत नाही. धाप कधी, कुठे लागली, रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली, तात्काळ आरामाचा पंप आठवड्यात किती वेळा लागला, हे वहीत लिहून न्या. जमल्यास पीक फ्लो मीटरचे (फुंकर किती जोराची हे मोजणारं छोटं यंत्र) आकडेही: उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, त्याच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचं, तीनदा, त्यातला मोठा आकडा लिहायचा. तुमचा सर्वोत्तम आकडा 400 असेल, तर 320च्या खाली गेल्यावर सावध व्हायचं. 200च्या खाली म्हणजे धोका.

सोबत पंपही न्या आणि तिथेच घेऊन दाखवा. औषध बरोबर असूनही गुण येत नाही तेव्हा चूक बहुधा इथेच सापडते. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू आत ओढायला लागतानाच दाबायचं. ओढणं 3 ते 5 सेकंद चालू ठेवून श्वास 10 सेकंद रोखायचा. आधी दाबून मग ओढलं किंवा झटक्यात ओढलं, तर बरंचसं औषध घशातच बसतं. स्पेसर (पंप आणि तोंड यांमध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावला की ही वेळ साधण्याची कसरत उरत नाही. लहान मुलांना तर तो हवाच. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा, पण फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतच चिकटतं.

'पंपाची सवय लागते' या भीतीने रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करणारे गावोगाव आहेत. हा पंप श्वासनलिकेची सूज उतरवतो. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. घेतल्यावर चूळ भरून थुंकलं की तोंडात बुरशी धरायची शक्यता कमी होते. नुसत्या तात्काळ आरामाच्या पंपावर राहिलं तर सूज तशीच राहते, म्हणूनच 2019पासून जागतिक मार्गदर्शनात तो एकटा वापरू नये असं सांगितलं जातं.

दमा सुमारे 3 महिने ताब्यात राहिला की डोस उतरवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. अचानक वाढला तर काय, किती घ्यायचं, हेही कागदावर लिहून मागा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, तर पंप घेत घेतच दवाखाना गाठा.