होमब्रू सेटिंग: जुन्या वळणाच्या फँटसी खेळातलं घरचं जग

होमब्रू सेटिंग म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र बनून खेळायच्या फँटसी रोलप्ले खेळासाठी रेफरीने स्वतः बनवलेलं जग. पुस्तकातून विकत आणलेलं नाही, घरचं. त्यात एखादं गाव असतं, गावाबाहेरचं रान असतं, जमिनीखाली डंजन म्हणजे भुयार असतं आणि या सगळ्यात राहणारी माणसं, भुतं, चोर, सावकार. जग चालवणाऱ्याला कुणी डीएम (डंजन मास्टर) म्हणतं कुणी जीएम (गेम मास्टर), जुन्या वळणाची मंडळी बहुतेक रेफरीच म्हणतात, आणि मला तोच शब्द बरा वाटतो कारण त्याचं मुख्य काम निवाडा करण्याचं आहे. ही नोंद नाशिकमधल्या एका टेबलावरून लिहितोय त्यामुळे उदाहरणं इथलीच.

खरं तर हा खेळ जन्मला तोच होमब्रू म्हणून. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने १९६९ ला ब्राउनस्टाइन नावाचा युद्धखेळ घेतला, त्यात प्रत्येकाने फौजेऐवजी एकेक माणूस चालवला, त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नसनने मग ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं गाव, किल्ला आणि किल्ल्याखालची भुयारं रचली. तिकडे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्सचं ग्रेहॉक सुरू झालं. दोघांनी मिळून १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला, खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिली छपाई १००० प्रतींची. त्या पुस्तिकांमध्ये तयार जग जवळजवळ नव्हतंच, रेफरीने पेन्सिल घेऊन बसावं आणि भुयाराचे कमीत कमी अर्धा डझन मजल्यांचे नकाशे स्वतः काढावेत असं सरळ सांगितलेलं होतं. तयार जगं विकायची पद्धत नंतर आली आणि ती चांगली चालली, पण मूळ खेळाची अपेक्षा प्रत्येक टेबलाचं आपलं जग असावं अशीच होती.

जुन्या वळणाचं म्हणजे साधारण ७० च्या दशकातले आणि ८० च्या सुरुवातीचे नियम, त्यातही १९८१ चे बेसिक आणि एक्स्पर्ट हे दोन संच आजही बरेच वापरात. २००० साली ओपन गेम लायसन्स, म्हणजे खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणारा परवाना, आलं, त्याच्या आधारावर २००६ पासून ओस्रिक, बेसिक फँटसी, लॅबिरिंथ लॉर्ड असे जुन्या नियमांचे नवे अवतार निघाले, यातले बरेचसे फुकट मिळतात. इथे कॉलेज रोडवर चार मित्रांनी मिसळ खाता खाता ठरवलं तरी त्याच संध्याकाळी खेळ सुरू होऊ शकतो, लुडोचे दोन फासे आणि शाळेचा ग्राफ पेपर पहिल्या दिवसापुरता पुरतो, बाकीचे चार, आठ, दहा, बारा, वीस पैलूंचे फासे नंतर मागवता येतात.

नियम जगाकडे काय मागतात

हे समजून घेतलं नाही तर सेटिंग फुकट जाते, म्हणून इथे जरा थांबतो. जुन्या नियमांत मशाल एक तास जळते, तास म्हणजे दहा दहा मिनिटांचे सहा टर्न. दर दोन टर्नांनी रेफरी सहापैलू फासा टाकतो, १ आला की अंधारातून काहीतरी चालत येतं. एक्सपी, म्हणजे पात्राला वरच्या पायरीवर नेणारे अनुभवाचे गुण, मुख्यतः खजिन्यावर मिळतात, सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की एक एक्सपी, राक्षस मारून त्यामानाने फारच थोडे. त्यामुळे खेळणारा लढाई टाळायला बघतो, बोलून, लपून, लाच देऊन काम होतंय का पाहतो. म्हणजे जगात काय हवं? खजिना कुठे आहे आणि तो कुणाचा आहे हे हवं, अंधारात किती चालावं लागेल हे हवं, आणि तिथे राहणाऱ्यांना काय पाहिजे हे हवं. राजघराण्याची सात पिढ्यांची वंशावळ कुठलाच नियम मागत नाही. मी पहिल्या वेळी दोन वह्या भरून वंशावळी लिहिल्या होत्या, पहिल्या सेशनला कुणी राजाचं नाव विचारलं नाही, सगळ्यांनी विचारलं ते हे की पलीकडे न्यायला नावाडी किती घेतो. तेव्हापासून गावापुरतं जग आधी, बाकीचं खेळता खेळता, हे मी पक्कं धरलंय.

रानाचा नकाशा षटकोनी घरांचा, त्याला हेक्स म्हणतात, एक्स्पर्ट संचात एक हेक्स सहा मैलांचा, म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटर. नाशिक ते त्र्यंबक साधारण तीस किलोमीटर, म्हणजे तीन हेक्स. सपाटीवर मोकळा माणूस दिवसाला २४ मैल चालतो, लोखंडी चिलखतवाला १२, आणि त्याच चिलखतावर खजिन्याचं ओझं आलं की फक्त ६. म्हणजे जाताना दीड दिवस, येताना तीन, आणि डोंगरात तर वेग याच्याही निम्मा. हा एवढा हिशोब खेळणाऱ्यांसमोर मांडला की खेचर भाड्याने घ्यायचं का, अर्धा माल वाटेत पुरून ठेवायचा का, वाटेतल्या गावात कुणावर विश्वास टाकायचा, हे सगळं आपोआप सुरू होतं, रेफरीला वेगळी गोष्ट रचावी लागत नाही.

वाट सोडून गेलं तर रस्ता चुकायचा फासा असतो, सपाटीवर सहात एक, जंगलात आणि डोंगरात सहात दोन. आमच्या टेबलावर त्याला चकवा म्हणतात. आजोबांकडून चकव्याच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला तो नियम परत समजावून सांगावा लागत नाही.

नवटेक

नाशिक नव टेकांवर वसविले अशी जुनी म्हण आहे, म्हणून आमच्या जगातल्या गावाचं नाव नवटेक. नदी आहे, घाट आहे, बाजार आहे, आसपास किल्ले. खऱ्या नाशिककडून किती घ्यावं? माझ्या मते जे दगडात लिहिलंय आणि जे दरवर्षी घडतं ते आधी घ्यावं.

दगडात लिहिलेलं म्हणजे पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगरातली २४ बौद्ध लेणी, पांडवांशी संबंध फक्त नावापुरता. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात तो सांगतो की त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) भिक्षूंसाठी दिले आणि ते गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवले, २००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने आणि १००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला २४० होतं, आणि लेखातच पुढे वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा असा कपड्याचा खर्च दिलाय, बरोबर २४०. मी हे पहिल्यांदा कागदावर गुणून बघितलं तेव्हा जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब एक नाणंही न चुकता जुळला आणि अंगावर काटा आला. सेटिंग बनवणाऱ्याला याहून चांगली भेट नाही. खजिना पेटीत आणि पेटीवर साप हे चित्र सगळ्यांनी बघितलंय, इथे खजिना विणकरांकडे फिरतोय आणि त्याची पावती डोंगरात कोरलेली आहे. नवटेकमध्ये चार श्रेणी आहेत, पात्रांचं सोनं त्यांच्याकडेच ठेवलं जातं, आणि चोरांना पेटी फोडण्यापेक्षा भिंतीवरचा लेख बदलण्यात जास्त रस आहे.

दरवर्षी घडणारं म्हणजे पूर आणि रहाडी. गोदावरीचं पाणी किती चढलं हे नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं. नवटेकच्या घाटावर तसाच एक दगडी पहारेकरी उभा आहे आणि पावसाळ्यात रोज सकाळी फासा टाकून त्याच्या अंगावर पाणी कुठवर आलंय ते ठरतं, कमरेच्या वर गेलं की नाव चालत नाही. देवाच्या जागी पहारेकरी मुद्दाम घेतलाय. १९८० च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या एका पुस्तकात भारतीय देवांना पण हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊन मरेल याचा आकडा, दिलेले आहेत, मला ते मनापासून पटत नाही, माझ्या जगात देऊळ आहे, घंटा आहे, पूजा आहे, पण देवाचा आकडा कुठेही लिहिलेला नाही.

रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला पेशवेकालीन दगडी हौद, शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी आहेत, वर्षभर वर लाकडं टाकून माती घालून बंद, वरून रस्ता चालू, आणि रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात. लहानपणी ज्याने त्या लाकडांवरून सायकल नेली आणि मग एक दिवस तिथेच खाली पाणी बघितलं त्याला डंजन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. नवटेकच्या रहाडीच्या तळाशी एक चिरा सरकतो आणि खाली भुयार लागतं. भुयार भरताना १९८१ चा तक्ता वापरला, प्रत्येक खोलीला एक फासा, १-२ राक्षस, ३ सापळा, ४ काहीतरी विशेष, ५-६ रिकामी. रिकाम्या खोल्यांची भीती काढून टाकू नये, एक तृतीयांश खोल्या रिकाम्या असल्यामुळेच बाकीच्यांना वजन येतं.

१९७९ च्या रेफरीच्या पुस्तकात गायगॅक्सने मोहिमेच्या वेळेची काटेकोर नोंद हवीच असं ठासून लिहिलंय. आम्ही मराठी महिन्यांचं कॅलेंडर ठेवतो. नवटेकच्या रंगपंचमीला पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची तुकडी, खाली उतरली, दुसऱ्या मशालीची सहापैकी पाच घरं खोडून झाली होती तेव्हा भुयारात राहणारी टोळी समोर आली. अशा वेळी दोन फाशांची बेरीज बघायची, २ आलं तर थेट हल्ला, १२ आलं तर दोस्ती, मधे सगळ्या छटा. ९ आला, म्हणजे ऐकून घेतील. आमच्यातल्या सगळ्यात धाकटीने, ती आठवीत आहे, तलवारीला हात न लावता विचारलं की तुम्हाला वरून काय आणून देऊ. टोळीला तेल हवं होतं. शंभर नाण्यांचं तेल द्यायचं कबूल झालं, आणि तोवर तिची ढाल गहाण. वर आले तर संध्याकाळ झालेली, माणसं लाकडं टाकत होती.

नवटेकमध्ये आता कार्तिक चालू आहे. महिना शेकडा एक दराने ते तेलाचं कर्ज १०८ नाण्यांचं झालंय, ते नकाशाच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं आहे, आणि फाल्गुनाला अजून चार महिने आहेत.