कोडची गणिते (अमेरिकी इलेक्ट्रिशियन परवाना परीक्षा)

अमेरिकेत इलेक्ट्रिशियनच्या परवान्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ या संहितेवर आधारलेली उदाहरणे असतात. घराचा एकूण विद्युतभार किती धरायचा, तार किती जाडीची, ब्रेकर किती अँपिअरचा, बॉक्समध्ये नि नळीत किती तारा मावतील, असे हे प्रश्न. अंकगणित गुणाकार-भागाकार आणि टक्केवारीच्या पुढे क्वचितच जाते. उमेदवार अडतो तो कोष्टकापाशी, आणि त्याहून जास्त कोष्टकाखालच्या टिपांपाशी.

संहिता पहिल्यांदा १८९७ मध्ये निघाली. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी येथील एनएफपीए ही अग्निसुरक्षा संस्था ती दर तीन वर्षांनी सुधारून काढते. ती स्वतः कायदा नव्हे. राज्ये आणि शहरे ती स्वीकारतात तेव्हा तिला कायद्याचे बळ येते. परवान्याचेही तसेच: साऱ्या देशाला चालेल असा परवाना नाही. बहुतेक ठिकाणी आधी जर्नीमन (तयार कारागीर) आणि मग मास्टर (वरच्या दर्जाचा इलेक्ट्रिशियन) अशा पायऱ्या असतात. टेक्सासमध्ये परीक्षेचे माहिती आणि गणिते असे दोन वेगळे भाग आहेत, यावरून गणितांचे वजन कळावे. परीक्षा सहसा पुस्तक उघडून द्यायची असते. नवख्याला ती त्यामुळे सोपी वाटते, पण घड्याळ चालूच असते आणि हवे ते पान सापडेपर्यंत वेळ निघून जातो.

घरभाराचे उदाहरण हे या सरावाचे मुख्य अंग. २०२३ च्या आवृत्तीप्रमाणे १,५०० चौरस फुटांचे घर घेऊ. दर चौरस फुटाला ३ व्होल्ट-अँपिअर (विद्युतभाराचे एकक), म्हणजे ४,५००. स्वयंपाकघराची दोन सर्किटे प्रत्येकी १,५००, कपडे धुण्याचे एक १,५००, एकूण ९,०००. यातले पहिले ३,००० पूर्ण धरायचे आणि उरलेल्या ६,००० चे ३५ टक्के, म्हणजे २,१००. झाले ५,१००. आता १४ किलोवॅटची विजेची शेगडी. कोष्टकात १२ किलोवॅटपर्यंतच्या एका शेगडीला ८ किलोवॅट मागणी (हिशेबात धरायचा भार) दिली आहे, आणि खालची टीप सांगते की १२ च्या वरच्या दर किलोवॅटमागे ती ५ टक्क्यांनी वाढवा. दोन किलोवॅट जास्त, म्हणून १० टक्के वाढ: ८.८ किलोवॅट. टीप न वाचणारा इथे ८ लिहितो, आणि पर्यायांमध्ये ८ चे उत्तरही त्याची वाट पाहत असते. कपडे वाळवण्याच्या यंत्राचे ५,००० मिळवले की बेरीज १८,९००. २४० व्होल्टने भागल्यावर ७८.७५ अँपिअर. पण प्रश्न सर्व्हिस (घराची मुख्य वीजजोडणी) किती अँपिअरची लागेल असा असेल, तर उत्तर १००. एका कुटुंबाच्या घराला त्याहून लहान सर्व्हिस संहितेला चालत नाही, आणि हे कलम भारगणितापासून दूर, दुसऱ्याच प्रकरणात आहे.

मोटरच्या उदाहरणात नियम सवयीच्या उलट जातात. तारेचे आणि ब्रेकरचे गणित मोटरवरच्या पाटीवरून करायचे नसते, संहितेच्या कोष्टकातून करायचे असते. पाटीवरचा आकडा लागतो तो ओव्हरलोड संरक्षणासाठी, म्हणजे मोटरवर जास्तीचा भार आला तर ती बंद करणाऱ्या साधनासाठी. तीन फेज, १० अश्वशक्ती, ४६० व्होल्ट: कोष्टकात १४ अँपिअर. तारेसाठी १२५ टक्के, म्हणजे १७.५. नेहमीच्या ब्रेकरसाठी २५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३५. आता तारांच्या वहनक्षमतेच्या कोष्टकात ७५ अंश सेल्सिअस तापमानाच्या रकान्यात १४ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) तांब्याची तार २० अँपिअर वाहते, तेव्हा १४ गेजवर ३५ चा ब्रेकर बसतो. घरकामात १४ गेजला १५ च्या वर न जाणाऱ्या माणसाचा यावर विश्वास बसत नाही. मात्र इथे तारेला जास्तीच्या भारापासून ओव्हरलोडचे साधन सांभाळते, ब्रेकर शॉर्टसर्किटसाठी असतो. हे एकदा डोक्यात बसले की मोटरचे अख्खे प्रकरण हलके होते. नुसती सूत्रे घोकणाऱ्याला ते शेवटपर्यंत कोडेच राहते.

बॉक्सचे, म्हणजे तारा नि सॉकेट बसवायच्या डब्याचे, गणित म्हणजे मोजणीचा खेळ: आतली प्रत्येक गोष्ट किती तारांइतकी जागा घेते ते मोजायचे. १२ गेजच्या दोन केबली, प्रत्येकीत दोन तारा आणि एक अर्थिंग, एक सॉकेट, आत केबल पकडणारे क्लँप. तारांचे चार, क्लँप कितीही असले तरी मिळून एक, सॉकेटचे दोन, अर्थिंगच्या तारा चारपर्यंत असल्या तर सगळ्यांचा मिळून एक: एकूण आठ. १२ गेजला दर मोजणीमागे २.२५ घनइंच, म्हणजे १८ घनइंचांचा बॉक्स. नळीत दोनपेक्षा जास्त तारा असतील तर ४० टक्के जागा वापरायची, दोनच असतील तर ३१ टक्के, एकटी असेल तर ५३. व्होल्टेज घटीचे (तारेतून जाताना व्होल्टेज जितके कमी होते त्याचे) ३ आणि ५ टक्के हे आकडे सर्वांना पाठ असतात, पण संहितेत ते माहितीच्या टिपेत आहेत. सर्वसाधारण वायरिंगला त्यांची सक्ती नाही.

महाराष्ट्रात आयटीआय करून तिकडे गेलेल्याला तारेच्या मापापासून नव्याने सुरुवात करावी लागते. इथे दीड, अडीच, चार चौरस मिलिमीटर. तिथे गेज, आणि आकडा वाढला की तार बारीक. जुन्या वायरमनांच्या ‘३/२०’, ‘७/२०’ मध्येही दुसरा आकडा गेजचाच होता, तेव्हा उलटा हिशेब अगदीच परका नाही. इथल्या अभ्यासक्रमात दिव्यांच्या सर्किटला दहा पॉइंट किंवा ८०० वॅट असा ठोकताळा शिकवतात. तिथे त्याच्या जागी चौरस फूट येतात.

सरावाची नेहमीची पद्धत म्हणजे एकाच प्रकारची दहा-वीस उदाहरणे सलग सोडवणे. हात बसायला ती ठीक आहे, पण परीक्षेत हा प्रश्न कोणत्या प्रकरणातला हे कोणी सांगत नाही, म्हणून सरमिसळ संच जास्त उपयोगी. प्रत्येक उत्तरासमोर कलमाचा क्रमांक लिहिण्याची शिस्त लावली तर चूक नेमकी कुठे झाली ते लगेच सापडते.

जुन्या सरावसंचांत मात्र क्रमांक जुळतीलच असे नाही. तारांच्या वहनक्षमतेचे ३१०.१६ हे कोष्टक २०११ मध्ये ३१०.१५(बी)(१६) झाले आणि २०२० मध्ये पुन्हा ३१०.१६ वर आले. शिवाय सगळी राज्ये नवी आवृत्ती एकाच वेळी लागू करत नाहीत. त्यामुळे दुकानातली सर्वांत ताजी प्रत उचलण्यापेक्षा आपल्या राज्याची परीक्षा सध्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते परवाना मंडळाच्या माहितीपत्रकात पाहून मगच पुस्तक घ्यावे.