एसीटीच्या गुणांवरून कॉलेज कोण पूर्ण करेल हे कळतं?

शिकागोच्या सरकारी शाळांतल्या गरीब घरच्या मुलांबद्दल एक समज हटत नाही: एसीटी या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण पडले की पदवी पक्की. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये तिथल्याच मुलांची आकडेवारी मांडली. पदवीचा अंदाज बांधायला शाळेतल्या श्रेणींची सरासरी एसीटीपेक्षा पाचपट सरस निघाली. नवल नाही. परीक्षा एका सकाळची. श्रेणींमागे नववी ते बारावी अशी चार वर्षांची हजेरी, गृहपाठ आणि डझनभर शिक्षकांची पारख असते.

म्हणून लक्ष ठेवायचं ते नववीपासून. नववीतलं मूल शाळा वेळेत पूर्ण करण्याच्या वाटेवर आहे का, याचा शिकागोतला निकष सोपा आहे: वर्षाअखेर किमान पाच पूर्णवर्षीय विषयांचे क्रेडिट (विषय पास झाल्याचे गुणांक), आणि मुख्य विषयांत सगळे मिळून एका सत्राच्या एकाच नापासापेक्षा जास्त नाही.

घोळ होतो तो वापरात. निकषात न बसणाऱ्या मुलांची यादी जूनमध्ये, वर्ष संपल्यावर हाती आली तर ती फक्त पंचनामा. दर काही आठवड्यांनी काढा. कोण कुठल्या विषयात घसरतोय, किती दिवस गैरहजर आहे ते पाहा आणि प्रत्येक नावापुढे एका शिक्षकाचं नाव लिहा. आकडा सुधारावा म्हणून फुकट पास केलंत, तर तो निकषच निकामी होतो.