आतून घासता न येणारा माठ

माठ चार दिवस घासला नाही तर आतून हाताला बुळबुळीत लागतं. पाणी नितळ दिसत असतं, पण माठाच्या अंगाला जिवाणूंची वस्ती चिकटलेली असते. ते स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आड सुखाने वाढतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. न्यूझीलंडला कॅम्परव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरायला निघालेल्या ओळखीच्या लोकांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: गाडीच्या कप्प्यात गुंडाळलेली पाणी भरायची नळी म्हणजे कधीच आतून घासता न येणारा माठ आहे.

खरं तर माठापेक्षा तिची परिस्थिती वाईट. बागेची साधी नळी पीव्हीसीची असते. ती लवचीक राहावी म्हणून प्लास्टिकमध्ये मिसळलेली द्रव्यं हळूहळू पाण्यात झिरपतात आणि काही जिवाणू त्यांच्यावरच पोसले जातात. त्यात गाडी उन्हात उभी, नळीत कालचं पाणी कोमट झालेलं, त्यातलं क्लोरीन संपून गेलेलं. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहराच्या नळाला तर 2018 पर्यंत क्लोरीन घालतच नसत, कारण जमिनीखालून येणारं तिथलं पाणी मुळात स्वच्छ. पण स्वच्छ पाणी घाणेरड्या नळीतून आलं की त्याच्या मूळच्या स्वच्छतेचा काय उपयोग?

लीजिओनेला हा जिवाणू साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका संमेलनात न्यूमोनियाची साथ पसरली, तिच्या तपासात तो प्रथम ओळखला गेला. तो सहसा पिण्यातून नव्हे, तर हवेतल्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून ‘आम्ही बाटलीचंच पाणी पितो’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही, गाडीतल्या शॉवरचं पाणीही याच नळीने भरलेल्या टाकीतून येतं.

नळी पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्यावी. भरण्याआधी नळाचं तोंड पुसावं, कारण आधीच्या माणसाने तिथे काय धुतलं असेल कोण जाणे. मग पाणी गार लागेपर्यंत वाहू द्यावं. काम झालं की नळी उंच धरून पूर्ण निथळवावी आणि दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून ठेवावी, म्हणजे आत धूळ-किडे जात नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या नळीने शौचाची टाकी कधीही विसळू नये. नळीचं टोक घाण पाण्यात बुडालेलं असताना मुख्य वाहिनीतला दाब अचानक कमी झाला, तर ती घाण उलटी नळात ओढली जाते. आपल्याकडे टँकरचा पाइप इमारतीच्या टाकीत सोडताना मला हीच भीती वाटते. तो पाइप त्याआधी कुठल्या जमिनीवर लोळला होता?

आता दुसरी बाजू. न्यूझीलंडमध्ये अनेक तळ्यांकाठी रात्री मुक्काम करायचा तर गाडी स्वयंपूर्ण असावी लागते, म्हणजे माणशी दिवसाला 4 लिटर या हिशेबाने 3 दिवसांचं पाणी आणि सगळं सांडपाणी साठवायची सोय. 2023 च्या कायद्याने गाडीत पक्कं बसवलेलं शौचालयही सक्तीचं केलं. बहुतेक गाड्यांत ते कॅसेटचं असतं, साधारण 20 लिटरची पेटी बाहेर काढून ठरलेल्या केंद्रावर रिकामी करायची.

त्या पेटीतला वास हीसुद्धा जिवाणूंचीच करामत. लघवीतल्या युरियापासून ते अमोनिया बनवतात. प्राणवायू संपला की त्यातले काही सल्फेटवर जगू लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. इथे मात्र सगळ्यांना मारून टाकणं हा उपाय मला पटत नाही. फॉर्मल्डिहाइडसारखी जहाल औषधं वास थांबवतात, पण तोच मैला पुढे एखाद्या छोट्या गावाच्या सेप्टिक टँकमध्ये गेला, की तिथे घाण पचवणारे जिवाणूही मरतात. नायट्रेटवर आधारलेली औषधं जास्त शहाणी आहेत. नायट्रेट मिळालं की जिवाणू सल्फेटला सहसा हात लावत नाहीत आणि तो वास तयारच होत नाही.

बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीकडे मात्र कुणी बघत नाही. आपल्या स्वयंपाकात फोडणीचं तेल भरपूर. ते टाकीच्या भिंतीला धरतं आणि एक-दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. ताटं-कढया आधी कागदाने पुसून मगच धुवाव्यात. टाकी रिकामी असूनही वास आला तर बेसिनखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी ओतून बघा. तिथलं वास अडवणारं पाणी घाटातल्या वळणांवर हिंदकळून निघून गेलेलं असतं.

पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र हंगामाच्या सुरुवातीला निर्जंतुक करायलाच हवी. सुगंध नसलेलं 5 टक्के ब्लीच, लिटरला 1 मिलिलिटर, म्हणजे लिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम क्लोरीन. आधी फिल्टर काढून ठेवा, प्रत्येक नळातून ते पाणी येऊ द्या, काही तास थांबा आणि वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा भरून ओता. नळीही याच पाण्याने भरून ठेवावी. उरलेलं ब्लीच शौचाच्या कॅसेटमध्ये ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात, आणि व्हॅनमध्ये तुम्ही त्या कॅसेटपासून जेमतेम हातभर अंतरावर झोपलेले असता.