कापडाचा 'हात' मोजणारे कावाबाता सर

साडीच्या दुकानात आई पदर अंगठा आणि दोन बोटांत धरून जरा चोळते आणि दुकानदाराने भाव सांगायच्या आत "नको, अंगाला चिकटेल" म्हणून मोकळी होते, हे बघितलं नाही असा माणूस विरळाच. तिला विचारलं कसं कळलं तर सांगता येत नाही, आणि गिरणीवाल्यांची नेमकी हीच अडचण होती, कारण कापड चांगलं की वाईट हे शेवटी चारदोन जुन्या जाणकारांच्या बोटांवर ठरायचं.

कापडाच्या या स्पर्शाला इंग्रजीत 'हँड' म्हणजे 'हात' म्हणतात, आणि तो मोजायचा पहिला मोठा प्रयत्न मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या सुती कापडाच्या संशोधन संस्थेतल्या पीअर्स यांचा, १९३० चा. (शर्ली म्हणजे देणगी देणाऱ्या गिरणीमालकाची मुलगी, तिचं नाव संस्थेला दिलंय!) त्यांची युक्ती अगदी साधी, कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवत न्यायची आणि किती लांबीला ती स्वतःच्या वजनाने वाकते ते बघायचं. पण त्यातून मुख्यतः ताठपणा कळतो, स्पर्श काही सगळा येत नाही.

मग १९७० च्या दशकात क्योटो विद्यापीठाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक सुएओ कावाबाता. हा माणूस रबर ताणल्यावर काय होतं यावरही काम करणारा, साध्या विणीचं कापड दोन्ही बाजूंनी ओढलं तर धागे कसे वागतात याचं गणित मांडणारा. पण मशीन बनवण्याच्या नादात त्यांनी जाणकारांना बाजूला सारलं नाही, मला तर हीच त्यांची खरी हुशारी वाटते. १९७२ मध्ये नारा महिला विद्यापीठाच्या मासाको निवा यांच्यासोबत त्यांनी जाणकारांची समिती उभी केली, त्यांच्या तोंडचे जपानी शब्दच घेतले, कोशी म्हणजे वाकवल्यावर परत उसळणारा ताठपणा, नुमेरी म्हणजे मऊ गुळगुळीतपणा, फुकुरामी म्हणजे भरदारपणा, शारी म्हणजे उन्हाळी कापडाची करकरीत खरखर, आणि प्रत्येकाला ० ते १० मार्क.

मग चार मशीन्स आली. एक ताणून आणि तिरकं खेचून बघतं, दुसरं वाकवतं, तिसरं दाबतं, चौथं पृष्ठभागावरून फिरतं. त्या चौथ्याचं 'बोट' म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीच्या पियानोच्या तारा शेजारीशेजारी लावलेल्या, आपल्या बोटाच्या रेषांसारख्या! एकूण १६ आकडे निघतात आणि ते जाणकारांच्या मार्कांशी गणिताने जोडले की मशीन त्यांच्यासारखे मार्क देतं.

पण गंमत अशी की उन्हाळी सुटाचं कापड जपानी जाणकारांना करकरीत हवं आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना तेही गुळगुळीतच आवडायचं, मग एकच सूत्र सगळीकडे कसं चालणार? शिवाय मशीन्स महाग. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने पुढे स्वतःची स्वस्त, सुटसुटीत पद्धत काढली. कावाबाता २००१ मध्ये गेले, पण लॅबमध्ये त्या मशीन्सना अजूनही त्यांच्याच नावाने ओळखतात.