दूरस्थ एक्सएमएल फाइल : वाचनातील त्रुटी व त्यांचा शोध

दुसऱ्या सर्व्हरवरची एक्सएमएल (टॅग लावून माहिती मांडणारी) फाइल यूआरएल देऊन मागवायची आणि तिच्यातली माहिती प्रोग्रॅममध्ये वापरायची, ही बातम्यांचे फीड, विनिमय दर, साइटमॅप यांसाठीची रोजची पद्धत. यात दोन वेगळी कामे असतात : नेटवर्कवरून बाइट्स आणणे आणि आलेल्या बाइट्सचे पार्सिंग, म्हणजे टॅग ओळखून त्यांतली माहिती वेगळी करणे. पीएचपीतील ‘सिंपलएक्सएमएल_लोड_फाइल’ ही दोन्ही एका ओळीत उरकते. सोय मोठी, पण बिघाड कोणत्या टप्प्यात झाला हे त्यामुळे कळत नाही. ‘बाह्य एंटिटी लोड करता आली नाही’ हा तिचा संदेश तर सरळ दिशाभूल करतो. एंटिटी म्हणजे मजकुराऐवजी लिहिलेले संक्षिप्त नाव; तिचा इथे काही संबंध नसतो. जोडणी झालेली नसते, किंवा शेअर्ड होस्टिंगवर यूआरएलवरून फाइल उघडू देणारे ‘अलाउ_यूआरएल_एफओपन’ हे सेटिंग बंद असते.

म्हणून आधी ही ओळ फोडावी. फाइल कर्ल या डाउनलोडच्या साधनाने आणावी, एचटीटीपी स्टेटस, कंटेंट-टाइप हेडर आणि पहिले 200 बाइट्स लॉगमध्ये टाकावेत आणि मगच मजकूर पार्सरकडे द्यावा. बहुतेक वेळा उत्तर या 200 बाइट्समध्येच असते. पार्सर टॅग जुळत नसल्याची तक्रार करत असतो आणि हाती आलेले असते एचटीएमएल पान : लॉगिनचे, 404 चे किंवा बॉट अडवणाऱ्या सेवेचे. तीच यूआरएल ब्राउझरमध्ये उघडते, कारण ब्राउझर कुकी आणि स्वतःचा यूजर-एजंट (मागणाऱ्या प्रोग्रॅमची ओळख सांगणारे हेडर) पाठवतो. पायथनच्या यूआरएललिबचा मूळ यूजर-एजंट पाहून काही सर्व्हर 403 देतात. स्वतःचा ठरवून दिला की काम होते.

पहिले दोन बाइट्स 1एफ 8बी असतील तर मजकूर जीझिपमध्ये आहे, तो आधी उलगडावा. ईएफ बीबी बीएफ असतील तर तो यूटीएफ-8 चा बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सुचवणारी सुरुवातीची खूण. पार्सरला बाइट्स थेट दिले तर तो सहसा चालतो. स्ट्रिंग करून दिल्यास जावातला पार्सर ‘प्रोलॉगमध्ये (पहिल्या घटकाआधीच्या भागात) मजकूर चालत नाही’ म्हणून थांबतो. एक्सएमएल घोषणेआधी रिकामी ओळसुद्धा चालत नाही, आणि ती बहुधा सर्व्हरवरच्या एखाद्या पीएचपी फाइलच्या शेवटून आलेली असते. पायथनमध्ये रिक्वेस्ट्स लायब्ररीचे ‘टेक्स्ट’ (स्ट्रिंग) न घेता ‘कंटेंट’ (बाइट्स) घ्यावे. एन्कोडिंग घोषित केलेली युनिकोड स्ट्रिंग एलएक्सएमएल ही पार्सर लायब्ररी नाकारते.

मजकुरातले दोष वेगळे. एक्सएमएलमध्ये एएमपी, एलटी, जीटी, क्वॉट आणि अ‍ॅपॉस या पाचच एंटिटी आधीपासून ठाऊक असतात. एचटीएमएलच्या सवयीने लिहिलेली एनबीएसपी (न तुटणारी मोकळी जागा) तिथे अनोळखी ठरते. यूआरएलमधला सुटा अँपरसँडही पार्सिंग पाडतो. असा दोष घातक मानावा, हे 1998 च्या एक्सएमएल 1.0 प्रमाणातच आहे. लिबएक्सएमएल या पार्सरचा, चुका ओलांडून पुढे जाणारा रिकव्हर मोड वेळ मारून नेतो, पण वाटेत काही नोंदी गाळू शकतो. दरांच्या फाइलवर तो वापरू नये.

त्रुटी येतच नाही आणि यादी रिकामी मिळते, तेव्हा नेमस्पेस (घटकांची नावे कोणत्या गटातली हे सांगणारी ओळख) तपासावी. युरोपियन सेंट्रल बँकेच्या दैनिक विनिमय दरांच्या फाइलमध्ये ‘क्यूब’ घटक एकात एक असे तीन पातळ्यांवर असतात : बाहेरचे आवरण, मधल्यावर तारीख, आतल्यावर चलन व दर. हे सगळे डीफॉल्ट, म्हणजे प्रीफिक्स नसलेल्या नेमस्पेसमध्ये असल्याने नुसत्या ‘//क्यूब’ या एक्सपाथला (घटक शोधण्याच्या सूत्राला) काहीच सापडत नाही. नेमस्पेसला स्वतःचा प्रीफिक्स नोंदवून तो एक्सपाथमध्ये लावावा लागतो.

डीटीडी (फाइलच्या रचनेचे नियम सांगणारी फाइल) नेटवर्कवरून आणण्याची मुभा पार्सरला देऊ नये. त्यातून एक्सएक्सई, म्हणजे बाह्य एंटिटीतून होणाऱ्या हल्ल्याची वाट उघडते आणि डब्ल्यू3सी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेसारख्यांच्या सर्व्हरवर तीच ती फाइल मागणाऱ्यांचा भार पडतो.

टाइमआउट स्वतः द्यावा : पीएचपीच्या थेट यूआरएल वाचनात तो मुळात 60 सेकंद असतो, रिक्वेस्ट्समध्ये नसतोच. ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’ (‘बदलली असेल तरच पाठवा’) हेडर पाठवत असल्यास 304 चे (‘बदल नाही’) उत्तर रिकामे येते. ते पार्सरला न देता साठवलेली प्रत वापरावी, नाहीतर ‘दस्तऐवज रिकामा आहे’ ही त्रुटी मिळते.